पलीकडची रांग

कोरिन ड्यूप्रीने एका कानाला फोन लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि कोपराने स्वयंपाकघराचं दार ढकलून बंद केलं. बाहेर सुतार संघटनेच्या हॉलमध्ये माणसं खच्चून भरली होती. बँड थांबला होता, पण कुणाचं तरी लहान मूल मंचावर चढून माइकमध्ये फुंकर मारत होतं आणि दर फुंकरीला खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

पलीकडे फोन वाजत राहिला. ओट्यावर राजमा आणि खिम्याच्या चिलीचं भलंमोठं पातेलं होतं, त्याच्या शेजारी केक. केकवर निळ्या साखरेत 'महापौर कोरिन' अशी अक्षरं काढलेली होती. आता तो कापावा की खोक्यात घालून परत न्यावा, हे कुणाला कळेना, म्हणून कुणीतरी त्याच्यावर कागदी रुमाल पसरून ठेवले होते.

"उचलत नाही?" फेल्टनने विचारलं. कोरिनचा हा प्रचारप्रमुख फ्रिजला टेकून उभा होता. त्याने टाय सैल केला होता आणि एक बूट काढून पाय दाबत होता.

कोरिनने मान हलवली.

"मुद्दाम वाट बघायला लावतेय. वीस वर्षं सगळ्या शहराला हेच करायला लावत आलीय ती."

आधी फोन, मग मंच. हरलेल्याने जिंकलेल्याला फोन केल्याशिवाय मंचावर पाय ठेवायचा नाही, हे या शहरात कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण ते मोडणाऱ्याची आठवण लोक कायम काढत. एक जण फोन न करता रागाने मासेमारीला निघून गेला होता. त्याच्या नातवाला अजून शाळेत त्यावरून चिडवतात, असं सांगत. कोरिनला तसं काही करायचं नव्हतं. टीव्हीने तासाभरापूर्वीच सांगून टाकलं होतं, की हेडी सोबोलेव्स्की सहाव्यांदा महापौर होणार. आघाडी मोठी होती. फेल्टनने हिशेब करून कोरिनला दाखवला होता, आणि तिने तो दोनदा तपासला होता. वकिलीत मुरलेली बाई होती ती. आकड्यांशी भांडत बसायची तिला सवय नव्हती.

"बोल, कोरिन."

आवाज इतका अचानक आला की कोरिन ताठ झाली.

"मेयर, तुमचं अभिनंदन करायला फोन केला. लोकांनी कौल दिलाय, आणि मी तो मनापासून—"

"किती वाजले गं तुझ्याकडे?"

"काय?"

"घड्याळ आहे ना तिथे? किती वाजले?"

स्टोव्हच्या वर एक जुनं, तेलकट घड्याळ होतं. "नऊ वाजून गेलेत."

"मग माझं अभिनंदन कसलं करतेस? मतदान चालू आहे अजून."

कोरिनने फेल्टनकडे पाहिलं. त्याने भुवया उंचावल्या. फोनमध्ये मागे नाचगाणं ऐकू येईल, असं तिला वाटलं होतं. हेडीची माणसं नदीकाठच्या मोठ्या हॉटेलात जमली होती. पण मागे ऐकू येत होता तो वायरलेसचा खरखराट, आणि एका पुरुषाचा कंटाळलेला आवाज, जो कुठल्यातरी बसला वळून ये म्हणून सांगत होता.

"तुम्ही कुठे आहात?"

"बसडेपोत. हॉटेलात सगळे नाचतायत. म्हटलं, नाचा बाबांनो, माझे गुडघे यायला तयार नाहीत." हेडीने कशाचा तरी घोट घेतला. "इथली कॉफी मात्र भयंकर आहे. वीस वर्षांत एवढं एक मला सुधारता आलं नाही, हे तू प्रचारात बोलायला हवं होतंस."

दुपारी लोहखनिजाचं एक लांबलचक जहाज बंदरात शिरताना टॅमरॅक नदीवरचा पूल उचलला गेला, आणि जहाज गेल्यावर तो खाली आलाच नाही. वरच्या वर अडकून राहिला. असं वर्षातून एकदोनदा व्हायचंच, पण मतदानाच्या दिवशी कधी झालं नव्हतं. शहराची चौथाई वस्ती नदीच्या पलीकडे राहते आणि कामाला अलीकडे येते. ती सगळी माणसं इकडेच अडकली. मग पलीकडच्या कामगार संघटनेने कोर्ट गाठलं आणि न्यायाधीशांनी तिकडच्या केंद्रांना रात्री दहापर्यंत मुदत वाढवून दिली. महापौरांनी शहराच्या बस काढल्या आणि वरच्या महामार्गाच्या पुलावरून, तासाभराचा वळसा घालून, माणसं पलीकडे पोचवायला सुरुवात केली. रेडिओवर हे ऐकलं तेव्हा फेल्टन हसला होता. "शेवटच्या दिवशी देखावा," असं म्हणाला होता. कोरिनही हसली होती.

"पलीकडचं मला माहीत आहे," कोरिन आता म्हणाली. "पण तिकडे मतदान नेहमीच कमी होतं. सगळं धरलं तरी फरक पडत नाही. आम्ही हिशेब केलाय."

"टीव्हीवाल्यांनीही केलाय. माझ्या पोरांनीही केलाय. सगळ्यांचा सारखाच आला, शाब्बास." हेडीने वायरलेसवरचं काहीतरी ऐकून घेतलं. "आत्ता शेवटची बस मिलर रोडच्या शाळेपाशी पोचली. ड्रायव्हर सांगतोय, रांग शाळेला वळसा घालून मागच्या मैदानात गेलीय. बर्फाचा पाऊस पडतोय तिकडे. माणसं उभी आहेत."

कोरिनने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

"तू आता मंचावर जाशील. हरले म्हणशील. चांगलं बोलशील, बोलतेस तू चांगलं. ते रेडिओवर जाईल, फोनवर जाईल. मग त्या रांगेतला माणूस म्हणेल, पोरीने स्वतःच हार मानली, मी कशाला भिजू? आणि जाईल घरी."

"तुम्हाला माहीत आहे ना, ती मतं कुणाची आहेत?"

"त्यातली निम्मी मला मिळणार नाहीत." वायरलेसवर कुणीतरी खोकलं. "निम्मी म्हणजे, मला जरा बरं वाटावं म्हणून म्हणतेय."

"मग तुम्ही मला हे का सांगताय?"

"अगं, त्यांना बसमध्ये मी बसवलंय. बसवायचं, तासभर फिरवायचं, आणि पोचल्यावर सांगायचं की संपलं सगळं, उतरा? मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

फेल्टनने बूट घातला होता आणि जवळ येऊन उभा होता. कोरिनने फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

"आणि कोरिन," हेडी म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता. "तू वर्षभर सांगत फिरलीस, की हेडी पलीकडच्यांना विसरली."

वायरलेसवरच्या माणसाने तिला काहीतरी विचारलं. "येते रे, येते," असं त्याला म्हणून तिने फोन ठेवून दिला.

कोरिन फोन हातात धरून उभी राहिली. स्वयंपाकघराची खिडकी नदीच्या बाजूला उघडत होती. ती इतका वेळ तिच्याकडे पाठ करून उभी होती. आता वळली. काचेवर वाफ साचली होती. तिने बाहीने एक जागा पुसली. खाली काळं पाणी, आणि त्याच्या वर, खूप उंचावर, पुलाचे दोन लाल दिवे अधांतरी लटकल्यासारखे जळत होते. त्यांच्या पल्याडच्या खिडक्यांचा उजेड पावसात विरघळून गेला होता.

उन्हाळाभर ती तिकडे दारोदार हिंडली होती. लोक पायरीवर बसायला जागा द्यायचे, लिंबाचं सरबत द्यायचे आणि म्हणायचे, ठीक आहे, पण निवडून आल्यावर पुन्हा येशील का ते सांग. येईन, असं ती प्रत्येकाला म्हणाली होती.

"काय म्हणाली?" फेल्टनने विचारलं.

"फोन परत घ्यायला सांगितला."

"म्हणजे?"

"म्हणजे थांब म्हणाली. मतदान चालू आहे."

फेल्टनने डोळे चोळले. "हा डाव आहे तिचा. तू गप्प बसशील, उशीर करशील, आणि उद्या सगळे म्हणतील, बघा, हार मानायचीसुद्धा अक्कल नाही. कोरिन, ऐक माझं. चार वर्षांनी तुला पुन्हा उभं राहायचंय. तेव्हा ती नसेल, रस्ता मोकळा असेल. या शहराला हरलेला उमेदवार चालतो, रडका चालत नाही. आज एकदा नीट हरलीस की पुढची तुझी."

"तिकडे माणसं उभी आहेत, फेल्टन."

"किती? आणि त्याने काय होणार आहे?"

"मला माहीत नाही."

"मी सांगतो. काही होणार नाही. फक्त तुझं नाव खराब होईल."

तो चुकीचं बोलत नव्हता, आणि ते तिला कळत होतं. तो पहिल्या दिवसापासून तिच्याबरोबर होता. स्वतःच्या गाडीतून तिचे फलक वाहून त्याने गाडीची मागची सीट फाडून घेतली होती. त्याच्या तोंडावर नाही म्हणणं तिला जड गेलं. तिने जॅकेटच्या खिशातून भाषणाचा कागद काढला, त्याची बारीक घडी घातली आणि केकच्या शेजारी ठेवला. मग दार उघडून बाहेर गेली.

ती दिसताच टाळ्या सुरू झाल्या, हरलेल्या माणसासाठी वाजवतात तशा, मायेने आणि जरा जास्तच जोरात. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी आधीच रडत होत्या. माइकपाशी उभ्या मुलाला तिने हळूच खाली उतरवलं. कॅमेरे तिच्याकडे वळले.

"मेयरना फोन केला होता," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"मी त्यांना सांगायला गेले की मी हरले. त्यांनी मला किती वाजले ते विचारलं." कुणीतरी हसलं. कोरिन हसली नाही. "पलीकडे दहापर्यंत मतदान आहे. लोक पावसात रांगेत उभे आहेत. आणि मी तिथे, त्या गरम स्वयंपाकघरात उभी राहून, ती माणसं मोजायची विसरले. हे त्यांना माझ्याच तोंडून कळलेलं बरं."

मागे फेल्टन दाराच्या चौकटीत उभा होता. त्याने कपाळाला हात लावला.

"तुमच्यापैकी ज्यांचं कुणी पलीकडे आहे, आई, बहीण, कामावरचा सोबती, त्यांनी आत्ता फोन करा. थांबा म्हणावं, एवढंच. कुणाला मत द्यायचं ते सांगू नका."

"आणि त्यांनी हेडीला दिलं तर?" एक म्हातारा मागून ओरडला.

"तर दिलं," कोरिन म्हणाली. "फोन करा, स्टॅन. तुमचा भाऊ राहतो तिकडे. मला माहीत आहे, त्याने मला सरबत दिलं होतं."

"तो भिकारडा मला कधी पाणी देत नाही!"

हॉलमध्ये हशा पिकला. पण स्टॅनने फोन काढला. मग त्याच्या शेजारणीने काढला. थोड्या वेळात सगळा हॉल एका कानात बोट घालून बोलत होता. "आजी, रांगेत आहेस ना? टोपी घातलीस का?" "अरे, सोडू नको, उभा राहा." "नाही, नाही, हरली नाहीये, म्हणजे अजून नाही, तू उभा राहा."

टीव्हीवाली मुलगी माइक खाली धरून हे सगळं बघत होती. कोरिन मंचावरून उतरली, स्वयंपाकघरात गेली आणि बाहेर आणायला चिलीचं पातेलं उचलू लागली. एकटीला ते उचलेना. फेल्टनने येऊन पातेल्याचा दुसरा कान धरला.

सकाळी पाऊस थांबला होता. पुलाच्या पायथ्याशी कोरिन आली तेव्हा तिथे महापौरांची गाडी आधीच उभी होती. हेडी सोबोलेव्स्की कठड्याला टेकून वर बघत होती. ती ठेंगणी होती, पुरुषी ओव्हरकोटात बुडालेली. डोक्यावर लोकरी टोपी. टीव्हीवर ती एवढी लहान दिसत नसे.

"झोपलीस का?" तिने वळून न बघता विचारलं.

"नाही."

"मी झोपले. छान झोपले. खूप वर्षांनी."

पलीकडची मतं तिकडेच मोजली गेली होती आणि उजाडायच्या सुमारास आकडे अलीकडे कळवले गेले होते. सकाळपासून रेडिओवर तेवढंच चाललं होतं. एवढी माणसं पलीकडून कधीच मत द्यायला बाहेर पडली नव्हती, असं सांगत होते. येताना गाडीत कोरिनने हेडीला सांगायला दोन वाक्यं जुळवली होती. ती आता कामाची वाटेनात.

"तुम्ही फोन केला नसतात तर—"

"फोन तू केलास," हेडी म्हणाली. "मी फक्त उचलला. आणि खरं सांगू का, उचलायचा की नाही ते मलाही कळत नव्हतं. म्हणून एवढा वेळ वाजला." तिने नाक पुसलं. "आता गप्प राहा जरा. तो येतोय."

पुलाच्या मनोऱ्यातून एक उंच, वाकलेला माणूस शिडी उतरत येत होता. तो आर्विड. पूल तोच चालवायचा. राहायला पलीकडे होता, पण रात्रभर वरच्या खोलीत दुरुस्तीला अडकला होता. जवळ येऊन त्याने तेलकट हातमोजे काढले, कोरिनकडे पाहून मान हलवली आणि हेडीसमोर उभा राहिला.

"हेडी," तो म्हणाला, "मी काल सकाळीच मत देऊन कामावर आलो होतो. तुला दिलं नाही."

"माहीत आहे रे. मोटरचं काय झालं?"

"दातऱ्या चाकाचा एक दात तुटलाय. जुनाच होता. बसवला दुसरा."

"थंडीने झालं म्हणतील इंजिनिअर."

"म्हणू देत. थंडीने नाही. तेल घालायला माणूस नाही, म्हणून झालं. गेल्या वर्षीही सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस," हेडी म्हणाली. "माझं चुकलं ते."

आर्विडला या उत्तराची अपेक्षा नसावी. त्याने मोजे पुन्हा घातले, पुन्हा काढले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "जानेवारीत तू खुर्ची सोडलीस, की मग पूल अडकल्यावर फोन कुणाला करायचा?"

हेडीने हनुवटीने कोरिनकडे दाखवलं. "हिला. पण तीनदा वाजू दे. तरुण माणसं गाढ झोपतात."

"पहिल्या रिंगला उचलेन," कोरिन म्हणाली.

"बघू," आर्विड म्हणाला आणि शिडीकडे वळला.

थोड्या वेळाने वर घरघर सुरू झाली आणि पूल खाली यायला लागला, आधी अडखळत, मग सावकाश, एका चालीने. दोन्ही बायका मान वर करून बघत होत्या. पुलाचं टोक जागेवर बसलं तेव्हा पायाखालची जमीन हलली. फाटक उघडलं. कामावर जाणारी माणसं पायीच यायला लागली, हातात डबे, कोट अजून ओलसर. काही जण कोरिनला पाहून थांबले. एकाने तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. एक जण हसत ओरडला, "काय हेडी, आता पेन्शन?"

"तुझ्याआधी नाही, गस!" हेडी ओरडली.

मग एक जाडजूड बाई, डोक्याला प्लॅस्टिकची टोपी बांधलेली, गर्दीतून सरळ वाट काढत आली. कोरिनला ओलांडून ती हेडीपाशी गेली आणि तिने तिची बाही धरली.

"हेडी, बरं झालं भेटलीस. आमच्या कोपऱ्यावरचं गटार परत तुंबलंय. परवापासून पाणी साचलंय, पोरांना शाळेत जाताना उचलून न्यावं लागतं. कुणी बघतसुद्धा नाही."

हेडीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

कोरिन एक पाऊल पुढे आली.

"कुठला कोपरा?" तिने विचारलं.

त्या बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हेडीची बाही सोडली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. हेडी ओव्हरकोटाच्या खिशात हात घालून दोन पावलं मागे सरकली, आणि तिथून ऐकत राहिली.